घड एप्रिलमध्ये ठरतो

तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे चालू होते. ओळखीच्या एका बागायतदाराने मला खांबाआड घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, पोरगं बी.सी.एस. करतंय. आता म्हणतंय, गेम बनवायला शिकतो. दिवसभर मोबाईल खेळायचा आणि वर त्याचा पगार, असलं काय असतंय का? का पोरगं मला बनवतंय?"

पोरगं त्यांना बनवत नव्हतं, पण त्यांचा प्रश्नही वेडगळ नव्हता. त्यात तीन प्रश्न एकात एक अडकलेले होते. या धंद्यात नेमकं काम काय असतं? ते शिकायचं कुठे? आणि तिसरा, सगळ्यांत अवघड: अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, तर पहिलं पाऊल टाकायचं कसं? या प्रकरणात आपण याच क्रमाने जाऊ. तिसऱ्यापाशी जास्त वेळ थांबू, कारण पोरं अडतात ती तिथेच.

१. आधी रमी बाजूला ठेवू

गेम म्हटलं की आपल्याकडच्या बापाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा रमी येते. फोनवर पत्ते खेळून कर्जबाजारी झालेला कुणी ना कुणी प्रत्येक गावात सापडतो, त्यामुळे ती भीती खोटी नाही. पण पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा वेगळा धंदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांचे खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्यांच्यावर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना आणि पैसे न लावता खेळायच्या सामाजिक खेळांना प्रोत्साहनाच्या बाजूला ठेवलं. बंदीनंतर पैशांच्या खेळांच्या कंपन्यांमधल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून मुलाने नोकरीचं पत्र आणलं तर पगाराच्या आकड्याआधी एकच विचारा: ही कंपनी पैसे कशातून कमावते?

आपण बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. तो अनेक बापांनीही खेळला असेल, फक्त त्याला कुणी 'गेम' म्हटलं नाही.

२. एका सेकंदात साठ चित्रं

बागायतदाराच्या या मुलाचा पहिला गेम म्हणजे तासगावच्या गणपतीचा रथोत्सव. ऋषिपंचमीला भाविक दोर धरून रथ काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत ओढतात आणि परत आणतात, ते फोनवर आणायचं. बोटाने दोर ओढायचा, रथ पुढे. कल्पना एका ओळीची. पण त्या एका ओळीत किती काम दडलंय ते बघा.

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पुढे सरकतात आणि ती आधीच काढून ठेवलेली असतात. गेममध्ये चित्रं आधी काढून ठेवताच येत नाहीत, कारण खेळणारा पुढच्या क्षणी काय करेल ते कुणालाच ठाऊक नसतं. ती जागच्या जागी काढावी लागतात, आणि पुष्कळ फोनांवर सेकंदाला ६०. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात बोट कुठे टेकलंय ते पाहायचं, रथ कुठवर आला ते ठरवायचं, तो कशाला धडकला का तपासायचं, मग चित्र रंगवायचं, ढोलाचा आवाज सोडायचा. आणि लगेच पुढचं चित्र.

आता एक छोटं गणित. रथ पडद्यावर सेकंदाला १२० ठिपके सरकावा असं मुलाच्या मनात होतं. सेकंदाला ६० चित्रं, म्हणून त्याने लिहिलं: प्रत्येक चित्राला रथ २ ठिपके पुढे. त्याच्या फोनवर झकास चाललं. वडिलांच्या जुन्या फोनवर मात्र रथ निम्म्या वेगाने, जणू गाळात रुतल्यासारखा. कारण त्या फोनला सेकंदाला ३० चित्रंच जमत होती. ३० गुणिले २, म्हणजे ६० ठिपके. इलाज सोपा आहे: चित्रं मोजायचीच नाहीत, वेळ मोजायचा. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते फोनला विचारायचं आणि १२० ला त्याने गुणायचं. नव्या फोनवर १२० चा साठावा भाग म्हणजे २ ठिपके, जुन्यावर तिसावा भाग म्हणजे ४. दोन्हीकडे रथ एकाच वेळी देवळात पोचतो.

हे काम प्रोग्रामरचं. त्याच्या शेजारी चित्रकार असतो, जो रथ, माणसं, सात मजली गोपुर घडवतो. खेळ कुठे सोपा, कुठे अवघड, हरल्यावरही माणूस पुन्हा का खेळेल, हे ठरवणारा डिझायनर असतो. आवाजाचा माणूस असतो, चुका शोधणारा टेस्टर असतो, आणि या सगळ्यांना तारखेला बांधून ठेवणारा प्रोड्यूसर. म्हणजे तमाशाच्या फडासारखंच: लोक नाच्याला ओळखतात, पण ढोलकीवाला नि मॅनेजर नसेल तर फड उभाच राहत नाही. 'मला गेम बनवायचाय' म्हणणाऱ्या मुलाला म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारावा: यातलं तुझं काम कोणतं?

३. शिकायचं कुठे

गेमचीच पदवी देणाऱ्या संस्था आहेत. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत २०२५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. ॲनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग हेच तिचे विषय. पुण्यात खासगी संस्था बऱ्याच आहेत. त्यांची फी मात्र एखाद्या वर्षी बागेने दिलेलं सगळं एका दमात घेऊन जाईल इतकी असू शकते, आणि शिकवणाऱ्याने स्वतः एक तरी गेम बाजारात आणलाय का, हे प्रवेशाआधी कुणी विचारत नाही. ते विचारा.

पण तासगावच्या मुलाने लगेच गाव सोडायची गरज नाही. प्रोग्रामर व्हायचं असेल तर सांगलीचं वालचंद काय, साखराळ्याचं राजारामबापू काय, किंवा शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं साधं बी.सी.एस. काय, तिथल्या अभ्यासात गेम लपलेला असतोच. फक्त त्याला गेम असं नाव नसतं. मॅट्रिक्सचा धडा म्हणजे रथ वळवायचं यंत्र. व्हेक्टर म्हणजे दोर कोणत्या दिशेने आणि किती जोराने ओढला याची नोंद. अकरावीची त्रिकोणमिती उताराची आहे. डेटा स्ट्रक्चर म्हणजे गर्दीतली हजार माणसं फोन न तापवता कशी सांभाळायची त्याचं शास्त्र. वर्गात कंटाळलेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हत्यारांचा खर्चही आता अडवत नाही. गेमचं इंजिन म्हणजे मळ्यातल्या ट्रॅक्टरसारखं: नांगर, पेरणीयंत्र, फवारणी, सगळं त्याच्या मागे जोडता येतं, दर वेळी नवं चाक घडवायला नको. युनिटी आणि अनरियल ही इंजिनं नवशिक्याला फुकट वापरता येतात. गोडो तर पूर्णपणे मुक्त आहे, त्याचा परवानाही विकत घ्यावा लागत नाही. त्रिमितीय आकृत्यांसाठी ब्लेंडर आहे, तोही मोफत. एक बऱ्यापैकी लॅपटॉप लागतो, हे खरं.

४. एप्रिल छाटणी

बागायतदाराला मी उद्योगाची भाषा सांगितली नाही, त्यांचीच सांगितली. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरमधली फळछाटणी. घड दिसतात ते ऑक्टोबरनंतर. पण एप्रिल छाटणीनंतर काडी वाढते, आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात तिच्या डोळ्यांत नजरेला न दिसणारे घड तयार होतात. सूक्ष्म घडनिर्मिती ती हीच. त्या दिवसांत ऊन, पाणी, खत चुकलं तर ऑक्टोबरला कितीही फवारलं तरी घड जिरतो.

कॉलेजची तीन-चार वर्षं म्हणजे एप्रिल छाटणी. मुलं काय करतात? शेवटचं सत्र आलं की इंटर्नशिप शोधायला लागतात, म्हणजे थेट ऑक्टोबर. काडीत काहीच तयार झालेलं नसतं.

डोळ्यांत घड तयार होणं या धंद्यात कसं दिसतं, त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं आहे. डिजिपेन नावाच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या गटाने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून 'नार्बाक्युलर ड्रॉप' हा छोटा गेम केला. भिंतीवर दोन दारं उघडायची, एकातून आत शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं, बस. २००५ साली कॉलेजच्या प्रदर्शनात व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी तो पाहिला आणि अख्खा गटच नोकरीला घेतला. त्याच कल्पनेतून २००७ साली 'पोर्टल' आला. चित्रं साधी होती, गेम लहान होता. पण तो पूर्ण होता आणि त्यात एक गोष्ट नवी होती.

दुसरं उदाहरण तर थेट आपल्या मातीत कळण्यासारखं. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात याच तालुक्यातली, बोरगावची. थॉम्पसनच्या वेलीवर वेगळी निघालेली काडी वसंतराव आर्वे यांनी हेरली, वाढवली, आणि नवी जात झाली. 'तास' तासगावचा, 'ए' आर्वे यांचा, 'गणेश' आपला गणपती. त्यांनी वेल शून्यातून निर्माण केली नाही. चालू वेलीतला फरक ओळखला. गेमच्या दुनियेत याला मॉड म्हणतात: दुसऱ्याचा चालू गेम घ्यायचा आणि त्यावर आपली काडी वाढवायची. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी १९९९ साली 'हाफ-लाइफ' या गेमवर अशीच काडी वाढवली. तिचं नाव 'काउंटर-स्ट्राइक'. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने तो गेम आणि ती दोघं, दोन्ही आपल्याकडे घेतली. 

५. अनुभव कुठून आणायचा

आता तिसरा प्रश्न. कंपन्या आहेत. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, २००८ साली त्यांनी तो गेमलॉफ्टकडून घेतला. 'जस्ट डान्स'च्या अनेक आवृत्त्यांवर तिथे काम झालं. ब्रिटनच्या सुमो डिजिटलने २००७ साली पुण्यात चित्रकामाचा स्टुडिओ काढला. 'इंडस' हा गेम करणारी सुपरगेमिंग पुण्याचीच. आणि नॉडिंग हेड्स.

नॉडिंग हेड्सची गोष्ट मी प्रत्येक मुलाला सांगतो, स्वप्न दाखवायला नव्हे, हिशेब दाखवायला. त्यांनी 'राजी: ॲन एन्शंट एपिक' नावाचा गेम करायला घेतला. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम काढली, ती फसली. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. २०२० साली गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. मधली तीन वर्षं कशी काढतात, ते कोणत्याही अभ्यासक्रमात नसतं.

उलटी बाजूही सांगायला हवी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंकडे असल्याची घोषणा २०२० मध्ये झाली, तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता. तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. २०२३ आणि २०२४ मध्ये तर जगभर या धंद्यात हजारो नोकऱ्या गेल्या. द्राक्षाच्या बागेलाही गारपीट चुकत नाही, एवढंच त्या बागायतदाराला मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. ती भाषा त्यांना नवी नव्हती.

तर अशा बाजारात नवख्याला कोण विचारणार? इथे एक सावधगिरी. 'गेम इंडस्ट्रीत इंटर्नशिप' अशी जाहिरात करून मुलांकडूनच पैसे घेणारे पुष्कळ आहेत. माझ्या भाच्याने असे पंधरा हजार भरले. सहा आठवडे व्हिडिओ बघायला लावले, शेवटी चकचकीत प्रमाणपत्र दिलं. त्याच्या हातून गेम झाला नाही, एकही. काम शिकवण्यासाठी फी घेणं वेगळं, त्याला कॉलेज किंवा क्लास म्हणतात. अनुभव देण्यासाठी पैसे मागणारा मात्र अनुभव देत नसतो.

त्यापेक्षा सरळ वाट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासात कार्यप्रशिक्षण, मुलांच्या भाषेत ओजेटी, आलंय. ४ श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास. आपल्याकडे ते पतसंस्थेत नाहीतर कॉम्प्युटरच्या दुकानात उरकलं जातं, सही-शिक्का मिळतो, संपलं. त्याऐवजी मुलाने विभागप्रमुखांना गाठावं आणि म्हणावं: सर, एका छोट्या स्टुडिओचं किंवा गावातल्याच एखाद्या संस्थेचं खरं काम घेऊन येतो, त्याची रोजची नोंद ठेवतो. सांगलीच्या एखाद्या शाळेला पाढ्यांचा गेम हवा असतो, एखाद्या डॉक्टरला मुलांना दात घासायला लावणारा. छोटंच काम, पण समोर गिऱ्हाईक असतं, ते मन बदलतं, तारीख मोडते, आणि त्यातूनच माणूस तयार होतो. १२० तासांपैकी पहिले २० नुसते ऐकण्यात आणि कागदावर आखण्यात घालवावेत, ५० बांधणीत. उरलेले सगळे दुरुस्तीत जातात. मुलं दुरुस्तीला दहा तास धरतात, तिथेच फसतात.

दुसरी वाट गेम जॅमची. दर जानेवारीअखेरीस जगभर ग्लोबल गेम जॅम भरतो, २००९ पासून. विषय तेव्हाच कळतो, आणि परंपरेने ४८ तासांत गेम उभा करायचा. घरबसल्या भाग घेता येणारे जॅमही वर्षभर चालू असतात. इथे अनोळखी चित्रकाराशी भांडत, समजून घेत, वेळेत काम संपवायची सवय लागते. कंपनीला तीच हवी असते.

६. बॉक्समधला मूठभर माल

सौद्यात व्यापारी काय करतो ते तुम्ही पाहिलंय. बॉक्स उघडतो, मूठभर बेदाणा तळहातावर घेतो, रंग बघतो, आकार बघतो, एखादा दाताखाली धरतो. दर निघतो. पिकवणाऱ्याचं शिक्षण किती, हे तो विचारत नाही.

पोर्टफोलिओ म्हणजे ती मूठ. स्टुडिओतला माणूस मुलाच्या कामाकडे दोन-तीन मिनिटं बघतो, म्हणून वीस अर्धवट गेमपेक्षा पूर्ण झालेले दोन ठेवावेत. पहिल्या दहा सेकंदांत खेळ दिसायला हवा, नावांची पाटी नव्हे. गटाने केलेलं काम असेल तर 'यातला दोराचा भाग माझा' असं स्पष्ट लिहावं. बघणारा नेमकं तेवढंच शोधत असतो. वरचा थर हिरवागार आणि खाली काळा माल, ही लबाडी सौद्यात जशी दुसऱ्या मुठीला उघडी पडते, तशी इथे मुलाखतीच्या तिसऱ्या प्रश्नाला.

आणि एक. कंपनीत केलेलं काम बहुतेकदा गुप्ततेच्या करारात अडकतं, गेम येईपर्यंत कुणाला दाखवता येत नाही. म्हणून नोकरी लागल्यावरही घरचं छोटं काम चालू ठेवणारे पुढे जातात.

७. खेळायचा पगार

बागायतदाराचा मूळ प्रश्न राहिलाच: खेळून पगार मिळतो का? मिळतो, टेस्टरला. पण तो खेळ आपल्या कल्पनेतला नव्हे. एकाच भिंतीला शंभर वेळा धडकायचं, खेळता खेळता फोन आला तर काय होतं ते बघायचं, आणि सापडलेली चूक लिहून काढायची. खरी परीक्षा त्या लिहिण्यातच आहे. रथाच्या गेमबद्दल मित्राने पाठवलेला निरोप असा: 'रथ अडकतोय, बघ जरा.' याचा उपयोग शून्य. तीच चूक एका मैत्रिणीने अशी लिहिली: 'अँड्रॉइड १३. दुसरी पातळी. चढ सुरू होताना दोन बोटांनी एकदम दोर ओढला. रथ थरथरतो, पुढे जात नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा झालं. एका बोटाने ओढलं तर होत नाही.' शेवटच्या वाक्याने अर्धी दुरुस्ती तिथेच झाली: दोन बोटं एकदम टेकली की गडबड. असं लिहिता येणारी मुलगी टेस्टर म्हणून आत शिरते, आणि तिथून डिझायनर झालेले पुष्कळ आहेत. माझ्या मते मराठी माध्यमातल्या मुलांना हा दरवाजा सर्वांत सोपा आहे, फक्त इंग्रजीत चार सरळ वाक्यं लिहायचा रियाज हवा.

८. बारा माणसं, चौदा दिवस

गेम तयार झाला की बाजारात न्यायचा. पीसीवरच्या स्टीम या दुकानात एका गेमचे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा दुकान घेतं. २०० रुपयांच्या गेममागे १४० हाती, त्यातून पुढे कर. फोनसाठी गुगल प्ले आहे, तिथे नोंदणीचे २५ डॉलर एकदाच. पण नव्या वैयक्तिक खात्याला तिथे एक अट आहे: किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस गेमच्या चाचणीत राहायला हवं, त्याशिवाय गेम सगळ्यांसाठी खुला होत नाही. शहरातल्या एकलकोंड्या मुलाला ही अट जाचक वाटते. तासगावात बारा माणसं गोळा करायला एक संध्याकाळ पुरते.

आमच्या या मुलाची चाचणी सध्या चालू आहे. यादीत तीन वर्गमित्र, दोन चुलत बहिणी, बेदाण्याच्या शेडवरचा एकजण, असे सगळे आहेत. सातवं नाव वडिलांचं. परवा त्यांचा मला फोन आला: "सर, चढावर रथ अजून थरथरतोय. दोन बोटं लावली की. पाच वेळा बघितलं."